घरासोबत आलेला जुना डिशवॉशर: पहिल्यांदा लावण्याआधी

नव्या घरात आधीच्या मालकांचा जुना डिशवॉशर मिळाला, तर लगेच भांडी भरू नका. मशीन बरेच महिने बंद असेल तर पंपाचं सील आणि दाराचं रबर कोरडं पडलेलं असतं. तळाच्या खळग्यात दोन-तीन कप गरम पाणी ओतून रात्रभर राहू द्या, सील जरा मऊ होतं. मग रिकामंच एकदा चालवा आणि दाराखालची पट्टी काढून टॉर्चने गळती बघत तिथेच थांबा. पाणी आत आणणारा रबरी पाइप फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर विचार न करता बदला. घरात पाणी होतं ते बहुधा त्याच्यामुळेच.

भांडी नीट निघत नसतील तर मशीनला नावं ठेवण्याआधी फवारा मारणारे पंखे काढून बघा. भोकांत क्षार, बिया, काचेचे तुकडे अडकलेले असतात. टूथपिकने काढा. तळाची गाळणीची जाळी दर आठवड्याला धुवा. पांढरे थर असतील तर सायट्रिक ॲसिड टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवा. ब्लीच नको, स्टीलचा टब खराब होतो.

मशीन गरम पाण्याच्या लाइनवर असेल तर आधी सिंकचा नळ गरम पाणी येईपर्यंत सोडा. जुन्या मशीनला डिशवॉशरच्या साबणाच्या वडीपेक्षा पावडर बरी, छोट्या सायकलमध्ये वडी अर्धवटच विरघळते. हाताने भांडी घासायचं लिक्विड मात्र चुकूनही नको, फेस थेट जमिनीवर येतो.