संगणक मध्येच बंद पडतो? तपास भिंतीपासून सुरू करा

डिचोलीच्या आमच्या घरी एका पावसाळ्यात संगणक रोज तिन्हीसांजेला बंद पडायचा. सकाळी तासन्‌तास नीट चाले. दुकानात नेला तर तिथेही दिवसभर बिनतक्रार चालला. नवा एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या आतली वीज पुरवणारी पेटी, बसवून आणला, तरी घरी पुन्हा तेच. दोष निघाला भिंतीतल्या सॉकेटमध्ये. न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू सैल झाला होता, तांब्यावर हिरवा थर चढला होता आणि विहिरीवरच्या पंपाची न्यूट्रलही त्याच स्क्रूवरून पुढे गेली होती. संध्याकाळी पंप लावला की संगणकाला मिळणारा व्होल्टेज खाली यायचा. तेव्हापासून मी सांगतो, सुटे भाग घ्यायच्या आधी भिंतीपासून आत आत या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी दोन-तीन दिवस वही ठेवा. किती वाजता बंद पडला, तेव्हा घरात पंप, फ्रिज, इस्त्री यांपैकी काय चालू होते, पाऊस होता का, एवढे लिहा. कसा बंद पडला तेही लिहा: दिवे विझून पूर्ण गेला, की आपोआप पुन्हा सुरू झाला? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल. संगणक रीतसर बंद झाला नाही, इतकेच ती सांगते, कारण सांगत नाही. ती पाहून लगेच एसएमपीएस बदलू नका.

मग यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही काढून संगणक दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला थेट लावा. त्रास थांबला तर दोष बाहेरच आहे. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी साधारण २-३ वर्षांत दमते. मग लाईट क्षणभर गेली तरी संगणक पडतो.

अर्थिंगकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा अर्थ पोहोचत नाही असे समजा. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. वायरमनला बोलावून सॉकेटवर तीन मापे घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर २-३ व्होल्ट यायला हवेत. हे माप संध्याकाळी, पंप चालू असताना घ्या. सकाळी सगळे ठीकच दिसते. तुमच्या एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट १००–२४० आहे की २००–२४०, तेही पाहून ठेवा. दुसऱ्या प्रकारचा कमी व्होल्टेजला लवकर हार मानतो.

भिंत निर्दोष ठरली तरच कॅबिनेट उघडा. प्लग काढा, पॉवरचे बटण १५ सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल. रॅम काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसा. किनाऱ्यालगत, हरमल-कळंगुटकडे, खारट हवेने हे दात लवकर काळवंडतात. फुगलेले कपॅसिटर (चार्ज साठवणारी छोटी नळकांडी) मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, दिसले तर तिथेच उत्तर आहे.

संगणक सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडत असेल तर पॉवरचे बटणच आत अडकून राहिले असण्याची शक्यता मोठी. ते सतत दाबलेले राहिले की मदरबोर्डला ती बंद करण्याची आज्ञाच वाटते. बटणाची वायर मदरबोर्डवरून काढा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. आता नीट चालला तर फक्त बटण बदला.

त्यानंतर एसएमपीएस. प्लग काढून २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डमधून सोडवा, त्यातली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेशी वाकवलेल्या क्लिपने जोडा आणि मग वीज द्या. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. मात्र भार नसताना बरोबर मापे आली म्हणजे भाराखालीही टिकेल असे नाही. शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणे हाच खात्रीचा मार्ग. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब काही काळ राहू शकतो.

तरीही प्रश्न सुटला नाही तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एकच रॅम एवढ्यावर सुरू करून बघा, मग एकेक भाग जोडत जा. फक्त जड कामाच्या वेळीच बंद पडत असेल तर प्रोसेसरचा पंखा आणि त्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधी तपासा.

मृगाच्या आधी किंवा ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा. तांब्याच्या तारेवरून येणारा झटका तिथूनही आत शिरतो.