बीजीएमआयमधील नवख्या खेळाडूला कसे शिकवावे
बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइलवरील बंदुकांच्या लढाईच्या खेळात नवख्या खेळाडूला थेट 100 जणांच्या सामन्यात उतरवण्यापूर्वी प्रशिक्षण मैदानावर न्यावे आणि तेथे त्याला दोन-तीनच बंदुका हाताळू द्याव्यात, कारण प्रत्येक बंदुकीचा झटका वेगळा असतो आणि तो बोटांनाच उमगावा लागतो. पहिल्या सामन्यांत एरांगेलच्या 8 किलोमीटर लांब-रुंद नकाशावर पोचिंकीसारख्या गजबजलेल्या ठिकाणी न उतरता कडेची वस्ती निवडावी. पहिल्याच मिनिटात बाद झालेला माणूस काही शिकत नाही. नकाशावरील सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि बाहेर राहिल्यास होणारी इजा टप्प्यागणिक वाढते, हे मात्र आधीच समजावावे. सतत सूचना देऊ नयेत (जुन्या खेळाडूंना हा मोह आवरत नाही). तो कोसळल्यास धुराचा बॉम्ब टाकून त्याला उठवावे, चूक सामन्यानंतर सांगावी.