गोव्यात बसून लाइफ सायन्सचा पोस्टडॉक कसा शोधायचा

पीएचडी संपत आली की चवथीला घरी जमलेले सगळे एकच विचारतात, नोकरी कधी, आणि पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर एखाद्या लॅबमध्ये काही वर्षं करायचं पगारी संशोधन, हे मामाला समजावता समजावता ताटातल्या नेवऱ्या संपतात. ज्युनिअर पोरंपोरी पण दर वर्षी विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

थिसिस जमा करायच्या वर्षभर आधी शोधायला लागा. आपल्याकडे जाहिरातीची वाट बघत बसायची सवय आहे आणि जाहिरात येते ती बहुतेक प्रोजेक्टवरच्या रिसर्च असोसिएटची (आरए), म्हणजे प्रोजेक्ट असेपर्यंतच्या संशोधकाची. दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था एनआयओ, ताळगाव पठारावरचं विद्यापीठ, झुआरीनगरचं बिट्स, जुन्या गोव्यातलं आयसीएआरचं शेती संशोधन केंद्र, वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था एनसीपीओआर, यांच्या साइट दर आठवड्याला उघडून बघा. केंद्र सरकारचा दर २०२३ पासून आरए-१ ला (आरएची पहिली पायरी) महिना ५८,००० अधिक घरभाडं (एचआरए) असा आहे, पगार वाईट नाही. पण इंटरव्ह्यूला एक प्रश्न न लाजता विचारा, प्रोजेक्टचे किती महिने उरलेत? सातच उरले असतील तर प्रायमर (डीएनएच्या प्रयोगाला लागणारे छोटे तुकडे) ऑर्डर करून ते येईपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो.

दुसरा रस्ता स्वतःची फेलोशिप. संशोधनाला पैसे देणाऱ्या एएनआरएफ या सरकारी संस्थेची पोस्टडॉक फेलोशिप एनपीडीएफ (पूर्वी सर्ब या संस्थेची होती तीच) २ वर्षांची असते, वयाची अट ३५, बायकांना आणि राखीव प्रवर्गाला ५ वर्षं सूट. युरोपला जायचं तर एम्बो या तिथल्या जीवशास्त्र संस्थेची फेलोशिप पीएचडी मिळाल्यापासून २ वर्षांच्या आतच मागता येते. युरोपियन युनियनच्या मारी क्यूरी फेलोशिपचा अर्ज साधारण सप्टेंबरात जातो आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३ वर्षांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही, आपल्याला त्याची अडचण सहसा येत नाही म्हणा. या तिन्हींना आधी कुठल्यातरी लॅबने हो म्हणावं लागतं, म्हणजे सगळं येऊन थांबतं ईमेलवर.

मी पहिल्यांदा चाळीस मेल पाठवले, मजकूर एकच, फक्त नाव बदलायचं, आणि एका बाईंना आधीच्या सरांचं नाव तसंच गेलं. उत्तर कुठून येणार! नंतर आठवड्याला दोनच पाठवायला लागलो. त्यांचा अलीकडचा एक पेपर नीट वाचायचा आणि लिहायचं की यातला अमुक प्रयोग मी खारफुटीतल्या बॅक्टेरियावर करतोय, पुढे हे करून बघावंसं वाटतं. ‘तुमच्या कामाने भारावलो’ वगैरे नको, सगळेच भारावलेले असतात. मेल दहा-बारा ओळींत संपवा, सीव्ही एकाच पीडीएफमध्ये, त्यात तीन रेफरन्स. आणि त्या तिघांना आधी विचारून ठेवा बरं का. तुमचा पेपर जर्नलकडे अडकला असेल तर बायोआर्काइव्हवर (छापून येण्याआधी पेपर टाकायची साइट) टाकून लिंक द्या. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करायची, मग सोडून द्यायचं.

बोलावलं तर बॉसशी बोलण्याआधी त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या एखाद्याला फोन करा, पेपर वेळेवर निघतात का, रविवारी येणं सक्तीचं आहे का, हे तोच खरं सांगेल.

आणि आपल्याकडे फेलोशिपचा पहिला हप्ता हमखास उशिरा येतो, तेव्हा पुण्या-बेंगळुरूला जाणार असाल तर डिपॉझिट धरून तीन-चार महिन्यांचे पैसे बाजूला काढून मगच मडगावहून गाडी पकडा.