पांढरी दोनमध्ये सूर लावून आयर्लंडला जाताना

आयर्लंडचे पारंपरिक संगीत शिकण्यासाठी निघालेल्या वादकाने महिनाभरात सगळे बेट पालथे घालण्याचा बेत आखू नये, तर तीन किंवा चार ठिकाणे निवडून प्रत्येक ठिकाणी निदान आठवडाभर मुक्काम करावा. एकच चाल क्लेअर परगण्यात एका वजनाने आणि डोनिगॉलमध्ये दुसऱ्याच वजनाने वाजते, आणि हा फरक एका रात्रीच्या श्रवणात कानाला उमगत नाही. त्याच पबमध्ये, त्याच वादकांसमोर सलग तीन-चार रात्री बसल्यावरच तो ऐकू येऊ लागतो.

तयारी घरीच सुरू करावी. सेशनमधील, म्हणजे पबमध्ये वादक वर्तुळात एकत्र बसून वाजवतात त्या मैफलीतील, बहुतेक चालींचा षड्ज पांढरी दोन (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी, पाश्चात्त्य D) किंवा पांढरी पाच (G) असतो आणि त्या बिलावल थाटात, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांत असतात. काफी थाटाच्या (कोमल गंधार-निषादाच्या) चाली पांढरी तीन किंवा पांढरी सहावर येतात, आणि काही चालींत खमाजचा कोमल निषाद भेटतो. स्वर तेच ठेवून केवळ षड्ज बदलल्याने हे थाट निर्माण होत असल्यामुळे सहा छिद्रांची, पांढरी दोनची एकच टिन व्हिसल जवळजवळ सगळ्या चालींना पुरते. बासरीवादकाने हीच व्हिसल घेऊन आरंभ करावा. षड्ज-पंचमाच्या जोड्यांत तारा मिळवणाऱ्या व्हायोलिनवादकाने मात्र खालून वर पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन अशी मिळवणी करून, खुर्चीवर बसून वाजवण्याचा सराव निघण्यापूर्वी दोन-तीन महिने तरी करावा. बोटांची जुनी सवय मोडायला तेवढा वेळ लागतोच.

लयीच्या बाबतीत, नृत्याच्या चालींच्या प्रकारांपैकी रील चार ठोक्यांची, जिग तीन-तीनच्या दोन गटांची आणि स्लिप जिग तीन-तीनच्या तीन गटांची असते. जिगची मोजणी सहा मात्रांच्या दादऱ्यासारखी वाटली, तरी तिचे झोके नृत्याच्या पावलांतून आलेले असल्याने तिला ठेक्यात बसवू पाहू नये. चालीचे साधारणपणे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ मापांचा, म्हणजे आठ लहान आवर्तनांचा, असून दोनदा वाजतो, आणि अशी पूर्ण चाल दोन-तीन वेळा वाजवून थांबा न घेता पुढच्या चालीत जातात. पाच-सहा रील आणि तेवढ्याच जिग कानाने पक्क्या करून जावे. स्वरलिपीवरून पन्नास चाली बसवून जाण्यापेक्षा हे फार मोलाचे आहे, कारण रोल (मूळ स्वराभोवती वरखाली झटकन फिरणे), कट (स्वराआधी वरच्या स्वराचा निसटता स्पर्श) यांसारखे अलंकार कागदावर नीट उतरत नाहीत आणि चालीचा जीव त्यांच्यात असतो.

व्हिसाचे काम लवकर करावे. आयर्लंड शेंगेन या सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे शेंगेनचा व्हिसा तेथे चालत नाही. प्रजासत्ताकात युरो चालतो. उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डममध्ये असल्याने तेथे पौंड लागतो आणि प्रवेशाचे नियमही निराळे आहेत.

डब्लिनमध्ये दोन-तीन दिवस पुरेत, पण त्यातला एक पूर्ण दिवस मेरियन स्क्वेअरमधील आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्हला द्यावा. 1987 मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहात जुनी ध्वनिमुद्रणे, हस्तलिखिते आणि छापील संग्रह पाहता-ऐकता येतात. पुढे ज्या परगण्यात जायचे आहे तेथील जुन्या वादकांची मुद्रणे येथे आधीच ऐकून ठेवली, तर प्रत्यक्ष तेथे पोहोचल्यावर कान कोरा राहत नाही. इलन पाइप्स हे कोपराने भाता दाबून वाजवायचे आयरिश वाद्य ज्यांना जवळून समजून घ्यायचे आहे, त्यांनी हेन्रिएटा स्ट्रीटवरील ना पीबरी इलन या 1968 पासूनच्या संस्थेत जावे. या वादनपरंपरेचा समावेश युनेस्कोने 2017 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केला.

प्रवास जुलैत असेल, तर पहिला मुक्काम क्लेअरच्या किनाऱ्याजवळील मिलटाउन मॅल्बे येथे करावा. पाइप्सवादक विली क्लॅन्सी यांच्या निधनानंतर 1973 मध्ये त्यांच्या नावाने येथे उन्हाळी शाळा सुरू झाली. सकाळी वर्ग भरतात आणि दुपारपासून रात्री उशिरापर्यंत गावभर सेशन चालतात. राहण्याची जागा कित्येक महिने आधी ठरवावी लागते. वर्गात नाव नोंदवणे मला अत्यावश्यक वाटते, कारण तेथे ओळखी होतात आणि संध्याकाळी कुठल्या कोपऱ्यात बसता येईल हे त्या ओळखींवरून ठरते.

सेशनमध्ये शिरण्याची रीत जपून पाळावी. पबमध्ये गेल्यावर वाद्य पेटीतच ठेवून पहिला तासभर फक्त ऐकावे. बाहेरून मोकळ्या दिसणाऱ्या त्या वर्तुळातही कोणी तरी दोघे-तिघे चाली धरणारे, म्हणजे चाल सुरू करून पुढे नेणारे, असतात. ते कोण, हे ओळखून दोन चालींच्या मधल्या विसाव्यात त्यांना विचारावे आणि मगच खुर्ची ओढावी. जी चाल पूर्ण येत नाही तिच्यात चाचपडत सूर मिसळू नयेत, स्वस्थ ऐकावे. वेगही धरणाऱ्याचाच ठेवावा. चाल बदलण्याची खूण अनेकदा केवळ नजरेची किंवा ‘हप’ अशा एका उद्गाराची असते, म्हणून डोळे मिटून वाजवण्याची आपली सवय येथे आवरावी. बौरान हा चामड्याचा डफ एका वेळी एकानेच वाजवावा असा सर्वसाधारण संकेत आहे, त्यामुळे तबलावादकाने उत्साहाने हात घालण्यापूर्वी परवानगी घ्यावी. ध्वनिमुद्रणासाठीही विचारावे. पेय घेणे बंधनकारक नाही, चहा मागितला तरी कोणाला वावगे वाटत नाही. कोणी शब्दांचे गाणे सुरू केले की मात्र सगळ्या खोलीने गप्प व्हायचे असते, आणि तो मान पाळण्यात कसूर करू नये.

क्लेअरनंतर कॉर्क व केरी यांच्या सीमेवरील श्लीव्ह लूखरा या डोंगराळ भागात जावे. मॅलो-ट्रली लोहमार्गावरील रॅथमोर स्थानकात उतरले की आपण त्या मुलखातच असतो. येथे पोल्का (दोन ठोक्यांची नृत्यचाल) आणि स्लाइड (जिगच्या जातीची जलद चाल) यांचे राज्य आहे. पॉरिग ओकीफ (1887–1963) हे फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) शिकवत या भागात गावोगाव हिंडत असत आणि शिष्यांना चाली स्वतःच्या लिपीत लिहून देत. त्या लिपीत चार घरे म्हणजे चार तारा आणि घरातला आकडा म्हणजे बोट. व्हायोलिन वाजवणाऱ्याने ही लिपी आवर्जून पाहावी, कारण तीत स्वरापेक्षा हाताची हालचाल आधी दिसते.

उत्तरेकडे स्लायगोपर्यंत डब्लिनहून रेल्वे आहे. बॅलीमोटला उतरून गुर्टीनच्या परिसरात जाता येते. मायकेल कोलमन (1891–1945) हे याच भागातले फिडलवादक. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 1921 ते 1936 या काळात केलेल्या मुद्रणांच्या तबकड्या आयर्लंडमध्ये परत आल्या आणि ठिकठिकाणच्या वादकांनी त्या उचलल्या, इतक्या की कित्येक स्थानिक वळणे त्यांच्यामागे झाकली गेली. डोनिगॉलमध्ये रेल्वे नाही, बसने जावे लागते, आणि कदाचित म्हणूनही तेथील स्कॉटिश वळणाचा, गजाच्या आखूड फटकाऱ्यांचा बाज वेगळा ओळखू येतो. कोलमन यांचे मुद्रण ऐकून लगेच डोनिगॉलच्या फिडलवादकांसमोर बसल्यास गजाचा हा फरक सर्वांत स्पष्ट कळतो.

तिसऱ्या-चौथ्या रात्री केव्हा तरी कोणी म्हणेल, ‘आता तुमच्याकडचे काही ऐकवा.’ त्याची तयारीही घरूनच करून जावी. विस्ताराची आलापी तेथे योग्य होणार नाही. पांढरी दोनला षड्ज धरून एखादे नाट्यपद किंवा धून तीन मिनिटांत वाजवावी, मुखडा दोनदा स्पष्ट घ्यावा, म्हणजे दुसऱ्या आवर्तनात एखादी व्हिसल हळूच तो मुखडा धरू शकेल.