उंचावरच्या जंगलातला माउंटन बाइक लूप: तयारीपासून शेवटच्या उतारापर्यंत

लूप ट्रेलची, म्हणजे फिरून सुरुवातीलाच येणाऱ्या वाटेची, एक गोष्ट निघण्याआधीच डोक्यात पक्की हवी. निम्मं अंतर सरलं की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं. मधून निसटायला रस्ता बहुधा नसतो. अशा वाटेवरचे बरेचसे अपघात शेवटच्या उतारावर होतात, पण त्यांची सुरुवात सकाळच्या चढावर झालेली असते. तिथे दम संपवला की उतारावर हात थरथरतात, नजर जवळच खिळते आणि ब्रेक उशिरा लागतो. म्हणून खालची सगळी तयारी एकाच हिशेबाने करायची: माथ्यावर पोहोचाल तेव्हा अंगात निम्मी ताकद शिल्लक हवी.

उंचीची सवय

३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, साधारण २१ टक्के; पण हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. खाली ज्या गिअरवर गप्पा मारत चढता येतं, त्याच गिअरवर इथे धाप लागते, आणि एकदा लागलेली धाप लवकर खाली बसत नाही.

ट्रेल २,५०० मीटरच्या वर असेल तर आधी दोन रात्री जवळपासच्या उंचीवर काढा. विरळ हवेचा त्रास पोहोचल्याबरोबर जाणवत नाही. बहुतेकदा ६ ते १२ तासांनी डोकं दुखू लागतं, मळमळतं, जेवण नकोसं होतं. सकाळी डोकं दुखत असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. ‘पाणी कमी प्यायलो असेन’ अशी स्वतःची समजूत घालून निघणं ही इथली सर्वांत धोक्याची चूक. चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर वेळ न घालवता खाली उतरा.

दिशा आणि वेळ

नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या; दाट म्हणजे चढ तीव्र) पाहा. त्या विरळ असतील त्या बाजूने चढा, दाट असतील त्या बाजूने उतरा. रुंद जंगलरस्त्याने वर आणि अरुंद सिंगल ट्रॅकने (एका सायकलपुरत्या वाटेने) खाली, ही जोडी सर्वांत बरी. उलट केलंत तर सिंगल ट्रॅकवर सायकल ढकलत तास जाईल आणि रुंद रस्त्याचा उतार नुसता सरळ सुटेल. ट्रेल एकेरी असेल तर मात्र पाटीवरची दिशाच पाळायची. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारांवर ऊन कमी पडतं. तिथे बर्फ उशिरापर्यंत टिकतो आणि झाडांची मुळं सकाळभर ओली राहतात.

वेळेचा हिशेब किलोमीटरवर करू नका, चढाईवर करा. या उंचीवर तासाला ३०० मीटर चढाई धरावी. ३० किलोमीटरचा, ९०० मीटर चढाईचा लूप असेल तर चढाला ३ तास, उताराला दीड तास, थांबे आणि पंक्चरसाठी १ तास, म्हणजे साडेपाच तास. उन्हाळ्यात डोंगरावर दुपारी ढग जमून गडगडाट सुरू होतो, म्हणून साडेसहाला निघून साडेनऊपर्यंत माथा गाठायचा. परतीची वेळ आधीच ठरवून ठेवा: अकरापर्यंत माथा आला नाही तर आल्या वाटेने मागे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. उघडा माथा सोडा, एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका.

सायकल

टायरची हवा ट्रेलच्या सुरुवातीला भरा, खाली गावात नको. १,००० मीटर वर आल्यावर बाहेरचा दाब जवळपास दीड पीएसआयने (टायरच्या हवेचा दाब मोजायचं एकक) घटतो, त्यामुळे टायर तेवढा कडक होतो. थंडीने त्यातला थोडा कमी होतो, पण गेजवर पुन्हा पाहिल्याशिवाय नेमका आकडा कळत नाही. ७५ किलोचा चालक आणि २.४ इंची ट्यूबलेस टायर असेल तर पुढे २१–२२, मागे २४–२५ पीएसआयपासून सुरुवात करा. मुळांवरून जाताना रिमवर ‘टक्’ असा आवाज आला तर १ पीएसआय वाढवा. वळणावर टायर कुशीवर लोळल्यासारखं वाटलं तरी वाढवा.

सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमधली छिद्रं आतून बुजवणारा द्रव, किती उरलंय ते कानाने कळतं. चाक काढून कानाशी धरा आणि हलवा: पातळ द्रव खळखळल्याचा आवाज यायला हवा. काहीच ऐकू आलं नाही किंवा सुकलेला गोळा लुडबुडला, तर आत नुसती रबराची साय उरली आहे. २९ इंची टायरमध्ये साधारण १०० मिलिलिटर नवं भरा.

ब्रेकचा लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट होतो, याचा अर्थ तेलात हवा शिरली आहे. उंचीवर हा बुडबुडा फुगतो, उतारावर ब्रेक तापला की आणखी फुगतो. ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे तेलातली हवा काढून टाकल्याशिवाय, निघू नका. ब्रेकचं तेल दोन प्रकारचं असतं, डॉट आणि मिनरल. डॉट तेलाच्या ब्रेकमध्ये मिनरल तेल किंवा त्याच्या उलट कधीही घालू नका; सील फुगून निकामी होतात. पॅड बॅटरीच्या उजेडात पाहा: घासणारा थर १ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर लांब उताराआधी बदला.

सस्पेन्शनचा सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने ते एकूण हालचालीच्या किती टक्के दबतं ते, पाठीवर पूर्ण भरलेली बॅग घेऊनच मोजा. पुढे १५–२० टक्के, मागे २५–३० टक्के. १५० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कवर (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनवर) रबरी रिंग २२ ते ३० मिलिमीटर सरकली पाहिजे. काही फोर्कच्या खालच्या नळ्यांमागे छोटं बटण असतं. वर पोहोचल्यावर ते दाबून आत कोंडलेली हवा सोडा, फोर्क पुन्हा मऊ चालतो.

बॅगेत

ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब. टायरचं छिद्र बुजवायला प्लग आणि सुई, पंप, चेन तोडण्याची सोय व टी-२५ (चांदणीच्या आकाराच्या स्क्रूचं टोक) असलेला मल्टिटूल, तुमच्या चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा; हा दुसऱ्या फ्रेमला बसत नाही), चार-पाच झिप टाय. पाणी तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर, खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. पूर्ण बोटांचे हातमोजे, वारारोधक जाकीट, हेडलॅम्प, प्रथमोपचार, आणि फोनमध्ये ऑफलाइन नकाशा. फोन अंगालगतच्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

चढ

पहिली २० मिनिटं मुद्दाम हळू. पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर लावा. वाक्य तुटायला लागलं की एक गिअर हलका. तीव्र चढावर सीटच्या टोकाकडे सरका, छाती हँडलकडे झुकवा, कोपरं खाली. पुढचं चाक उचललं जात असेल तर आणखी पुढे या. मागचं घसरत असेल तर थोडं मागे. दगडांचा अवघड टप्पा समोर दिसला तर त्याच्या २० मीटर आधी वेग उतरवून श्वास सावरा, मग चढा. उंचीवर अशा एका झटक्याची वसुली पुढची पाच मिनिटं चालते. त्यामुळे चार पावलं उतरून ढकलणं हा शहाणपणाचा निर्णय आहे, त्यात कमीपणा नाही.

उतार

माथ्यावर घाम सुकायच्या आत जाकीट चढवा. गारठलेल्या बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही. सीट खाली घ्या, पेडल आडवी, टाचा खाली, कंबरेतून वाका, आणि प्रत्येक लिव्हरवर एकच बोट. ब्रेक धरून ठेवू नका: सरळ भागात जोरात दाबा, मग सोडा. सतत घासत राहिलात तर पॅड तापून गुळगुळीत होतात आणि नेमक्या गरजेच्या वळणावर पकड देत नाहीत.

मुळं काटकोनात ओलांडा. ब्रेक मुळाच्या आधी. मुळावर चाक फिरतंच राहू द्या. साल निघालेलं ओलं मूळ साबणासारखं असतं, आणि तिरपं आलेलं मूळ पुढचं चाक बाजूला ओढतं. देवदार-चीडसारख्या झाडांच्या सुया टणक जमिनीवर साचल्या की त्यांखाली पकड नसते. तिथे वळण रुंद घ्या, सायकल कमी कलंडवा. हेअरपिन (यू आकाराच्या) वळणात बाहेरच्या कडेने शिरा, वेग आधीच उतरवा आणि मान वळवून बाहेर पडायच्या जागेकडे पाहा.

पडलात तर उठल्यावर आधी मागून डिरेलर पाहा. त्याचा पिंजरा कॅसेटशी (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चक्र्यांशी) समांतर नसेल तर हँगर वाकला आहे. अशा वेळी सर्वांत मोठ्या चक्रीवर चेन नेलीत तर डिरेलर स्पोकमध्ये अडकून तुटतो. ट्यूब घालायची वेळ आली तर टायरच्या आतून हात हळू फिरवा. सीलंटने आजवर गुपचूप सांभाळलेले काटे तिथेच रुतलेले असतात. ते काढले नाहीत तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

वर चढणाऱ्याला वाट द्या. पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांनाही. घोडा समोर आला तर उतरून दरीच्या बाजूला उभे राहा आणि हळू आवाजात बोला, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे त्याला कळतं. वाट चिखलाची असेल आणि टायरमागे खोल चर उमटत असेल, तर त्या दिवशी परत फिरा. तो चर उन्हात वाळला की पुढच्या पावसात त्यातूनच पाणी वाहतं आणि वाट खचते. चिखल टाळायला कडेच्या गवतावरूनही जाऊ नका. तेवढ्यानेच एकेरी वाट तिप्पट रुंद होते.