रात्री घेतली, सकाळी गाडी काढली: कलम 185 नीट समजून घ्या

मी देवगड-कणकवलीकडे वकिली करते. आंब्याच्या हंगामात वाशीला पेट्या नेणाऱ्या पिकअपवाल्यांच्या केसेस येतात आणि बऱ्याच जणांचं म्हणणं एकच असतं. एका ड्रायव्हरची आई कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाली, "मॅडम, रात्री घेतल्यान, पण सकाळी आंघोळ करून, चाय पिऊन मगे गाडी काढल्यान." तिच्या मुठीत ब्रेथ ॲनालायझरची पावती होती, घामाने मऊ पडलेली. आकडा 58. कायद्याची हद्द 30.

हा आकडा आधी समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. तुम्ही झोकांड्या देत होतात की सरळ चालत होतात, याने फरक पडत नाही. साधारण सत्तर किलोच्या माणसाला 60 मिलिलिटरचा एक पेग ही हद्द ओलांडायला पुरतो, बिअरची एक मोठी बाटलीसुद्धा. शरीर हा आकडा तासाला साधारण 15 ने उतरवतं आणि त्याला घाई करता येत नाही. आंघोळ, लिंबूपाणी, सोलकढी, उलटी, कशाचाही उपयोग नाही. रात्री एकला क्वार्टर संपवली तर सकाळी सातलाही तुम्ही हद्दीच्या आसपास असू शकता. त्याहून जास्त झाली असेल तर दुपारपर्यंत चावीला हात लावू नका. वेलची-बडीशेपेने तोंडाचा वास जाईल, पण मशीन फुप्फुसातून येणारी हवा मोजतं.

पोलिसांनी अडवलं तर हुज्जत नको आणि ओळखीही सांगू नका. फुंकायची नळी नवीन हवी, तिचं पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. तसं मागायला संकोच कसला? पावती निघाली की तारीख, वेळ आणि आकडा वाचा, मगच सही करा. आकडा पटत नसेल तर रक्ततपासणी करा म्हणून तिथेच सांगा. कलम 202 खाली अटक झाली तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. म्हणून अटकेची वेळ घरच्यांना फोनवर लगेच कळवा. "फुंकूच नको" असं सांगणारे मित्र भेटतात. त्यांचं ऐकू नका. सबळ कारण नसताना दिलेला नकार कलम 205 प्रमाणे तुमच्याच विरुद्ध वापरता येतो.

हेल्मेटचं चलान भरतो तशी ही केस दंड भरून जागेवर मिटत नाही. कोर्टात उभं राहावंच लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडलात तर कैद दोन वर्षांपर्यंत, दंड 15,000. लोक दहा हजारांची सोय करून येतात आणि म्हणतात, मॅडम, कबूल करून मोकळे होऊ. मी त्यांना आधी खाली बसवते. दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं, असं कलम 20 सांगतं. एप्रिलमध्ये लायसन्स गेलं तर आंबाही गेला आणि गणपतीची भाडीही गेली. ड्रायव्हरकीवर घर चालणाऱ्याला ही शिक्षा दंडापेक्षा कितीतरी जड आहे.

इन्शुरन्सचंही तेच. प्यायलेल्या ड्रायव्हरने ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम कंपनी नाकारते. समोरच्याला भरपाई द्यावी लागली तर ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल होऊ शकते. तेव्हा पिकअप दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मालकांनीही निघण्याआधी ड्रायव्हरजवळ दोन मिनिटं उभं राहून बोलावं.

कोणाचा जीव गेला तर प्रकरण 185 वर थांबत नाही. मुंबईत कार्टर रोडवर 2006 साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या प्यायलेल्या चालकाची सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 105 मध्ये हा गुन्हा आहे आणि कैद दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

शेजारी बसून "चालव रे, काय होत नाय" म्हणणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याचं कलम 188 आहे. चिथावणी देणाऱ्याला 185 चीच शिक्षा.

शिमग्यात आणि लग्नात आणखी एक प्रकार मी पाहते. घरची मोठी माणसं प्यायलेली असतात, म्हणून चावी सोळा वर्षांच्या पोराकडे जाते. त्या पोराने गुन्हा केला तर कलम 199अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. पालखीच्या रात्री गावातल्या रिक्षावाल्याला संध्याकाळीच सांगून ठेवा, किंवा पाहुण्यांना ओटीवर चटई घालून द्या.