साहेबांकडे तक्रार न्यायची आहे? मग या चुका टाळा

टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार टाकू नका. ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यापासूनच सुरुवात करतो.

साकीनाक्याच्या ऑफिसात आमच्या टीममधल्या एका मुलीचं म्हणणं अगदी रास्त होतं. शिफ्ट रात्री अकराला सुटायची, कंपनीची कॅब घाटकोपर स्टेशनला सोडायची, पुढे बदलापूरपर्यंत ही एकटी. एका रात्री लोकलमधूनच तिनं ग्रुपवर लिहिलं, 'इथे आमच्या जिवाची कुणाला पर्वा नाही.' ग्रुपवर सरांचे वरिष्ठही होते. दुसऱ्या दिवशी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि अर्धा तास विषय एकच: ग्रुपवर का टाकलंस? कॅबचं नावही निघालं नाही.

मी तिला म्हटलं, आता पंधरा दिवस बोलू नकोस, फक्त वहीत लिही. तारीख, लॉगआउट कधी, घाटकोपरला गाडी कुठली मिळाली, घरात पाऊल कधी पडलं. तिला हा वेळकाढूपणा वाटला. नव्या मुलांना सगळं आजच्या आज हवं असतं, तिथेच काम बिघडतं. पण तिनं लिहिलं. मग सरांना मेसेज केला, 'सर, उद्या पंधरा मिनिटं मिळतील का? रात्रीच्या कॅबबद्दल बोलायचंय.' वहीचं पान समोर ठेवलं. बऱ्याच तारखांपुढे घरी पोचायची वेळ रात्री एकनंतरची होती. खाली कायद्यातली तरतूद: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकानं करायची असते. सरांनी पानाचा फोटो काढून तिथल्या तिथे अ‍ॅडमिन विभागाला पाठवला. कॅब मंजूर करणं त्यांच्या हातात नव्हतंच, वर दाखवायला त्यांना काहीतरी हवं होतं. पुढच्या महिन्यापासून गाडी बदलापूरला जायला लागली.

लिफ्टमध्ये किंवा चहाच्या टपरीवर विषय काढू नका. साहेब 'बघू' म्हणतात आणि विसरतात.

'सगळ्यांचंच म्हणणं आहे' हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. 'कोण कोण?' असं विचारल्यावर सगळे माना खाली घालतात आणि तुम्ही एकटे पडता. आपल्यापुरतं बोला.

राजीनाम्याची धमकी द्यायची नाही. द्यायचा असेल तर सरळ द्या.

नेटवरून उचललेला तयार मेल पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यात तुमची शिफ्ट नसते, तुमची तारीख नसते, वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. चार ओळी लिहा, पण स्वतःच्या लिहा. बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी 'आज आपलं असं ठरलं' एवढा मेल मी हटकून टाकतो.

साहेबांना डावलून थेट एचआरकडे जाणं बहुतेक वेळा अंगाशी येतं. लैंगिक छळाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे साहेबांची वाट बघायची गरज नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.